पेशंटला बाहेर बसू द्या

मंगळवार, ११ जून २०२४. सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटे. ही वेळ मी आठवून लिहीत नाही. यंत्राने ती कागदाच्या कोपऱ्यात छापली आहे. त्या वेळी जालन्यातल्या आमच्या नेत्ररुग्णालयाच्या अंधाऱ्या खोलीत तीन माणसे होती: यंत्राच्या पांढऱ्या घुमटाकडे तोंड करून, हनुवटी टेकवून बसलेली सत्तावीस वर्षांची जयश्री, यंत्र चालवणारी मी, आणि जयश्रीच्या खांद्यामागे वाकून उभा असलेला तिचा नवरा गणेश, ज्याचे त्या खोलीत काहीही काम नव्हते.

"दाब," तो कुजबुजला.

तिने हातातले बटण दाबले.

"आता दाब. जल्दी."

तिने पुन्हा दाबले.

मी यंत्र थांबवले आणि खोलीतला दिवा लावला.

"हे काय चाललंय?"

"काही न्हाई मॅडम. तिला कडंचे दिवे दिसत न्हाईत, म्हनून सांगून राह्यलो."

"तिला ते दिसतात की नाही, हेच तर बघायचंय."

"बराबर हाय. पन मागच्या टायमाला बी मीच सांगितलं व्हतं. मंग रिपोर्ट बिलकुल चांगला आल्ता."

त्याच्या आवाजात अपराधी भाव नव्हता. घरच्या माणसाला अडचणीत हात दिल्याचे समाधान होते. पिशवीतून त्याने तो मागचा कागदही काढून दाखवला. काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका गावी केलेली हीच तपासणी, निकाल निर्दोष. यंत्राला शंका येण्याचे कारणच नव्हते, कारण घुमटात दिवा खरोखर लागला तेव्हाच बटण दाबले गेले होते. फक्त ते दिवे पाहणारे डोळे गणेशचे होते.

मी दृष्टिमापनतज्ज्ञ आहे. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, मोठ्या शहरातल्या रुग्णालयात उमेदवारी आणि मग स्वतःच्या इच्छेने आपल्या जिल्ह्यात परत, असा माझा प्रवास. जिल्ह्याच्या लेखी मी 'चष्म्याचा नंबर काढणारी मॅडम' आहे. या अंकाच्या संपादकांनी "गमतीदार गिऱ्हाइकांविषयी लिहा" असे सुचवले, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे बहुधा तीच मॅडम असावी. गमतीदार गिऱ्हाइके आहेत. भोकरदनच्या शिबिरात एक निवृत्त तलाठी रांगेत उभ्या उभ्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून आले, आणि मी तक्ता बदलला तरी जुनाच खडाखडा म्हणत राहिले. राजूरच्या एका आईने मुलीला अक्षरे सुचवता यावीत म्हणून तक्त्याच्या बाजूलाच खुर्ची मागितली. तेव्हापासून आम्ही तीन तक्ते ठेवतो आणि नातेवाइकांच्या खुर्च्या पाठमोऱ्या मांडतो.

हे सांगताना मी हसते आणि मग मला राग येतो. आमच्याकडे तपासणी ही उत्तीर्ण होण्याची गोष्ट आहे. रुग्ण परीक्षार्थी, तपासणारा पर्यवेक्षक आणि घरचे लोक कॉपी पुरवणारे. चुकीचे उत्तर हेच इथे सर्वांत उपयोगाचे उत्तर असते, ही साधी गोष्ट कोणी कोणाला सांगितलेलीच नाही.

तक्त्याचे गणित सोपे आहे. रुग्ण सहा मीटर अंतरावर बसतो. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यावी ती वाचली, तर आम्ही ६/६ लिहितो. ६/२४ याचा अर्थ असा, की निरोगी डोळा जी ओळ चोवीस मीटरवरून वाचेल, ती या माणसाला सहा मीटरवर आल्यावर वाचता आली. खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर अधू. जयश्रीचा उजवा डोळा ६/१८ होता, डावा ६/२४, आणि कोणत्याही भिंगाने त्यात फरक पडत नव्हता. वर्षभरात तिने तीन चष्मे बदलले होते. पिंपळगाव रेणुकाईत ती ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवता येत होता, पण मशीनच्या बाजूला ठेवलेली कात्री सापडत नव्हती आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटत होता.

गणेशला मी खोलीबाहेर बसवले आणि तपासणी पहिल्यापासून घेतली.

या यंत्रात रुग्णाने एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचे असते. घुमटात इकडे तिकडे बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की बटण दाबायचे. न दिसलेल्या जागा कागदावर काळ्या उमटतात. जयश्रीचे दोन्ही कागद मी शेजारी ठेवले. डाव्या डोळ्याच्या कागदाची डावी बाजू काळी होती आणि उजव्या डोळ्याच्या कागदाची उजवी. टांग्याच्या घोड्याला झापडे लावतात तशी ही बाई जगाकडे मधल्या फटीतून बघत होती.

एवढ्या नेमक्या आकाराचा दोष डोळ्यात तयार होत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूकडे जाताना एका ठिकाणी एकमेकींना ओलांडतात, आणि बाहेरच्या कडा दाखवणारे धागे नेमके तिथून पलीकडे जातात. त्या जागेच्या अगदी खाली हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते: पीयूषिका. शरीरातल्या बहुतेक संप्रेरकांचा कारभार तिच्याकडे असतो. तिच्यात गाठ झाली आणि ती वर सरकली, की पहिला दाब त्या ओलांडणाऱ्या धाग्यांवर येतो. म्हणून मी तो प्रश्न विचारला, जो डोळ्यांच्या दवाखान्यात कोणी विचारत नाही.

"पाळी नियमित येते का?"

तिने आधी बंद दाराकडे पाहिले. "दोन वरसं झाली, न्हाई आली."

"छातीतून दूध येतं?"

"तुम्हाला कोनी सांगितलं? मी तर कोनालाच न्हाई सांगितलं. ब्लाउजला आतून कापड लावते मी."

लग्नाला सात वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. त्यासाठी कुठे कुठे नेले होते, काय काय प्यायला दिले होते, हे तिने मला कसलाही चढउतार नसलेल्या आवाजात सांगितले. सात वर्षे सगळे घर तिच्या पोटाकडे बघत होते. दोष डोक्यात होता.

एमआरआयमध्ये गाठ स्पष्ट दिसली. रक्ताच्या तपासणीत दुधाशी संबंधित संप्रेरक भलतेच वाढलेले निघाले. आणि इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण 'ब्रेन ट्युमर' हा शब्द ऐकताच आपल्याकडे माणसे शोक सुरू करतात. मेंदूच्या भागात होणाऱ्या गाठी अनेक प्रकारच्या असतात, आणि त्यांतल्या सगळ्या कर्करोगाच्या नसतात. जयश्रीची गाठ ज्या प्रकारची होती, तो प्रकार बहुतेक वेळा गोळ्यांनीच आक्रसतो. डोके उघडण्याची वेळ सहसा येत नाही. संभाजीनगरच्या ग्रंथीविकारतज्ज्ञांनी आठवड्यातून दोनदा घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. नजर लवकर सुधारेल, पाळी परत येईल, पुढे मूलही होऊ शकेल, मात्र गोळी सांगितल्याशिवाय थांबवायची नाही, असे त्यांनी बजावले.

बजावले गणेशला.

या जागी माझा राग सुरू होतो आणि तो आजही उतरलेला नाही. एमआरआयचा निकाल आमच्याकडे आला त्या दिवशी मी आमच्या प्रमुख नेत्रतज्ज्ञांच्या खोलीत होते. त्यांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो. निदानात त्यांचा हात धरणारे माझ्या पाहण्यात कोणी नाही, आणि त्यांच्या बोलण्यातला शांतपणा मी आजही शिकते आहे. जयश्री आत येऊ लागली तेव्हा त्याच शांतपणाने त्या म्हणाल्या, "पेशंटला बाहेर बसू द्या. यजमानांना पाठवा."

ती बाकावर जाऊन बसली. तिच्या डोक्यातल्या गाठीची लांबी, रुंदी आणि भवितव्य आम्ही तिच्या नवऱ्याला समजावून सांगितले.

"तिला न्हाई सांगायचं मॅडम," गणेश म्हणाला. "ती खचून जाईल. मी नस सुजली म्हनून सांगतो."

"ठीक आहे. पण औषध चुकवू नका," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर मी त्यांच्याकडे विषय काढला. "मॅडम, गोळी तिला घ्यायचीय. गाठ तिला आहे."

"इथे असंच करावं लागतं. तू नवीन आहेस. रडारड सुरू झाली की बायका उपचारच सोडतात. नवरा समजूतदार दिसतोय."

नवरा समजूतदार होताच. त्याने तिला मारले नव्हते, टाकले नव्हते. प्रत्येक वेळी शेतीचे काम सोडून तो बरोबर येत होता. वाईट माणूस असता तर मला लिहिणे सोपे गेले असते. संभाजीनगरला तेच घडले, वेगळ्या खोलीत, वेगळ्या डॉक्टरांसमोर. जयश्रीच्या आजाराची माहिती एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जात राहिली: नवऱ्याला, दिराला, मामेसासऱ्यांना. ती प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर होती. ज्या बाईची पाळी कधी थांबली, हे नवऱ्यालाही धड ठाऊक नव्हते, तिच्या संप्रेरकांची चर्चा तीन पुरुषांनी व्हरांड्यात उभे राहून केली.

महिनाभराने ती आली तेव्हा उजवा डोळा ६/९ होता आणि डावा ६/१२. कागदावरचे काळे अर्ध्याहून अधिक विरले होते. आमच्या कामात असे दिवस थोडे असतात. जाताना ती दारात थांबून हळूच म्हणाली, "ते बी आलं. परवाच्या दिशी." पाळीविषयी ती बोलत होती आणि हे तिने घरात कोणाला सांगितलेले नव्हते. मी "छान" म्हणाले. त्याहून अधिक बोलायची मला परवानगी नव्हती.

पुढच्या तारखेला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. गणेशला फोन केला की तो म्हणायचा, "एकदम चांगलं हाय मॅडम. सोयाबीन काढून राह्यलो, झालं की येतो."

त्याच काळात भोकरदनहून काझी सर आले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेन. बरोबर मुलगी. आल्या आल्या त्यांनी तक्रार अशी मांडली, जणू फळ्यावर उदाहरण लिहून देत आहेत.

"मॅडम, मी दोन पेपर वाचतो. मराठी पेपरात ओळीचा शेवट सापडत नाही. उर्दू पेपरात ओळीची सुरुवातच गायब. चष्मेवाला म्हणतो नंबर बदला. आता तुम्हीच सांगा, नंबर भाषा बघून बदलतो का?"

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणजे दोन्ही पेपरांत हरवत होती ती उजवीच बाजू. असे दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला होते तेव्हा दोष मेंदूच्या विरुद्ध भागात, बराच मागे असतो. यंत्राने तेच दाखवले आणि एमआरआयने त्यामागची गाठ. जयश्रीची होती तशी ती नव्हती. ही मेंदूच्या आतच वाढणारी आणि वेगाने पसरणारी होती.

निकालाच्या दिवशी मुलीने मला व्हरांड्यात गाठले. "मॅडम, अब्बूकू मत बोलो. उनों सुन नहीं सकते."

काझी सर तिच्या मागेच उभे होते. उजवी बाजू दिसत नसल्याने ते भिंतीला हात लावून चालत आले होते आणि आम्हा दोघींनाही त्यांची चाहूल लागली नव्हती.

"क्यों नहीं सुन सकते?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत: "मॅडम, उभी जिंदगी पोरांना निकाल वाचून दाखवला. नापास पोराला सुद्धा त्याच्या बापाआधी मी सांगायचो. पेपर त्याने लिहिलेला असतो ना. चला, बसा आणि सांगा."

मोठ्या मॅडमनी त्यांना सांगितले. शस्त्रक्रियेत गाठीचा जेवढा भाग सुरक्षितपणे काढता येईल तेवढाच काढतील. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून प्रकार नक्की करतील. मग काही आठवडे किरणोपचार आणि बरोबरीने गोळ्या. किरणोपचारात डोके तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा करतात, हेही सांगितले. काझी सरांनी दोन प्रश्न विचारले: बरे होईल का, आणि वाचता येईल का. पहिल्याचे उत्तर 'नाही, पण वेळ मिळेल' असे होते. दुसऱ्याचे 'काही काळ, बोट ठेवून'. ओळीचा कडेचा शब्द बोटाने दाबून धरायचा आणि तिथपर्यंत वाचत जायचे, ही युक्ती मी त्यांना शिकवली. उर्दूत बोट सुरुवातीला आणि मराठीत शेवटी.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मधल्या काळात ते तपासणीला येत तेव्हा पुढच्या भेटीचे प्रश्न तयार करूनच येत, आणि मुलगी हळूहळू त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर बसायला शिकली. ते खचले नाहीत, असे मी म्हणणार नाही. एकदा माझ्यासमोर रडले, रुमालाने डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न विचारला. सांगितल्यावर माणूस रडतो, यात भयंकर काय आहे, हे मला त्या दिवसापासून कळेनासे झाले आहे.

जानेवारीत एका सकाळी जयश्री आली. एकटी. भोकरदनमार्गे बसने आणि बसस्थानकापासून विचारत विचारत. खोलीत येताना तिने दाराची चौकट चाचपली. उजवा डोळा ६/२४. डाव्या डोळ्याला तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षरही दिसेना. मी दोन मीटरवर धरलेली बोटे तिने मोजली, तीही एकदा चुकली.

"गोळी?"

"ती तर कवाच बंद केली."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

"सासूबाईनं. आमच्या शेजारच्या बाईचं लेकरू गेलं व्हतं ना जन्मल्या जन्मल्या. तिला दूध आटवायला दवाखान्यातून हीच गोळी दिल्ती. तिनं माझ्या हातात पाहिली. मंग सासूबाई म्हनल्या, दूध आटवायची गोळी कामून खाऊन राह्यली तू? उद्या लेकरू झालं तं त्याला काय पाजशील? डोळे बी तवा बरेच व्हते. नसंची सूज उतरली म्हनून सोडली."

गोळी खरोखर तीच होती. ज्या संप्रेरकामुळे दूध येते त्याला ती दाबते, म्हणून प्रसूतीनंतर दूध थांबवायला देतात. आणि तेच संप्रेरक उधळणारी गाठ तिनेच आक्रसते. शेजारणीची ओळख चुकली नव्हती. सासूचा तर्कही चुकीचा नव्हता. तिला जेवढे ठाऊक होते तेवढ्यावरून कोणीही तोच काढला असता. नातवंडाच्या आशेने तिने नातवंडाची वाट उघडणारे एकमेव औषध बंद केले होते. आणि ज्या एका व्यक्तीने "नाही, ही माझ्या गाठीची गोळी आहे" असे म्हणायचे, तिला गाठ आहे हेच आम्ही सांगितले नव्हते. नसेची सूज उतरते. तिच्यासाठी कोणी सासूशी भांडत नाही.

मी मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, जयश्रीला आज सांगायचंय."

"नातेवाईक कोण आहेत?"

"कोणी नाही. एकटी आलीय."

त्यांनी दोन्ही कागद पाहिले, जुलैचा आणि आजचा. मग टेबलासमोरच्या खुर्चीवरची फाईल स्वतः उचलून बाजूला ठेवली.

"आण तिला. तूच सांग. कुठे अडलीस तर मी आहे."

जयश्रीच्या पिशवीत शिवणाचे सामान असते. मी तिच्याकडून दोन दोरे मागून घेतले, एक लाल आणि एक पांढरा, आणि टेबलावर एकमेकांवरून फुलीसारखे ताणून धरले. "हे तुझे दोन डोळे. ह्या त्यांच्या नसा. इथे या एकमेकींवरून जातात." मग फुलीच्या खाली ब्लाउजचे एक बटण सरकवले. "इथे एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झालीय." बटण उभे केले तसे दोरे वर उचलले गेले आणि ताणले. "म्हणून कडेचं दिसत नाही. मूल न होण्याचं, दूध येण्याचं कारणही हीच. मेंदूतली गाठ म्हणतात ती हीच. पण ही कॅन्सरची नाही. ती गोळी हिला बारीक करत होती."

तिने बटण खाली पाडले आणि दोरे सैल झालेले पाहिले. मग पुन्हा उभे केले. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ताण समजावून सांगावा लागत नाही.

"मरन का मी?"

"नाही."

"डोळे येतील परत?"

"उजवा येईल, असं वाटतं. डाव्याचं आज सांगता येत नाही. नस फार दिवस दबली की सगळी परत येत नाही."

ती रडली नाही. तिने विचारले, "हे गनेसला ठाऊक व्हतं?"

"हो."

"तुम्हाला बी?"

"हो."

"मंग मला कामून न्हाई सांगितलं?"

मी मोठ्या मॅडमकडे पाहिले नाही. त्याच म्हणाल्या, "सांगायला पाहिजे होतं. चूक झाली." त्यांच्या तोंडून रुग्णासमोर असे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. जयश्रीने गोळीचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मागितले.

पुढच्या भेटीला तिने सासूला आणले; गणेशही मागोमाग आला होता. कौसाबाई दारातच उभ्या राहिल्या आणि सवयीने बाहेरच्या बाकाकडे निघाल्या. जयश्रीने त्यांना हाताला धरून आत बसवले. मी पुन्हा दोरे ताणले, पुन्हा बटण ठेवले. त्यांना वाटले मी रागावणार. खरे सांगायचे तर माझी तयारी त्याचीच होती.

"मला कोनी सांगितलं व्हतं का?" त्या म्हणाल्या. "मला बी नसच सांगितली. मी काय डॉक्टर हाय? सुनंच्या पोटात आग पडावी म्हनून बंद केली का मी गोळी?"

"तसं कोणी म्हणत नाही."

"म्हनत न्हाई, पन पाहून तं तसंच राह्यल्या. अन् ह्या गन्याला विचारा की. बायकोला न्हाई, मायला न्हाई. पोटात ठेवून हिंडला इतके महिने. तुलाच व्हती का रे गाठ?"

दाराबाहेर उभा असलेला गणेश बाकावर जाऊन बसला. मग कौसाबाईंनी विचारले, की लेकरू झाले तर मग दुधाचे काय. प्रश्न चांगला होता. दिवस राहिले की या गोळीचे काय करायचे ते ग्रंथीतज्ज्ञ ठरवतात, बहुतेकींची तेव्हा ती थांबवतात, आणि अंगावर पाजण्याचेही त्यांना विचारूनच ठरते, हे मी सांगितले. "एवढंच व्हतं तं," त्या म्हणाल्या, "तवाच सांगायचं." त्या दिवसापासून गोळीचे वार कौसाबाईंच्या ध्यानात असतात.

मोठ्या मॅडमच्या खोलीत आता पहिली खुर्ची रुग्णाची असते. कोणाला आत घ्यायचे ते रुग्ण सांगतो. ज्याला ऐकायचेच नसते त्याला तसे म्हणण्याचाही हक्क आहे, पण ते त्याने म्हणायचे असते, त्याच्या मेव्हण्याने नाही. ही पद्धत आजूबाजूच्या दवाखान्यांनी घ्यावी म्हणून मी एका बैठकीत बोलले. "ग्रामीण भागात हे व्यवहार्य नाही," असे मला तिथे सांगण्यात आले. सांगणाऱ्या गृहस्थांनी आपले वाक्य पूर्ण होईपर्यंत माझ्याऐवजी माझ्या शेजारी बसलेल्या पुरुष सहकाऱ्याकडे पाहिले.

मी पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला आहे. मेंदू आणि दृष्टी यांच्यातल्या दुव्यावर मला संशोधन करायचे आहे, आणि त्यानंतर असे यंत्र व ते चालवणारे प्रशिक्षित माणूस तालुक्याच्या गावी असावे, यासाठी भांडायचे आहे. यंत्र मिळेल. दिवे बघणारे डोळे रुग्णाचेच असावेत, हे पटवायला जास्त दिवस लागतील. पण तोवर नजर जाते ती जयश्रीसारख्यांची. आणि 'इथे असंच चालतं' असे म्हणणाऱ्यांची रात्रीची झोपही जात नाही, हे मला सहन होत नाही.

हा मजकूर पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात ती येऊन गेली. पाळी नियमित आहे. एमआरआयमध्ये गाठ बरीच लहान झाली आहे. शिलाई पुन्हा सुरू आहे. कात्री आता डावीकडे न ठेवता उजवीकडे ठेवते, एवढेच. उजव्या डोळ्याने तिने ६/९ची ओळ न अडखळता वाचली. मग उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने वरचे अक्षर वाचले, त्याखालची ओळ वाचली आणि थांबली.

"पुढची बघ. घाई नाही," मी म्हणाले. मी भिंग बदलले. पुन्हा बदलले. खोलीतला उजेड कमी केला. मला ती ओळ तिच्यापेक्षा जास्त हवी होती.

"न्हाई दिसत ताई," ती म्हणाली. "लिहा तुम्ही."

मी लिहिले. डावा डोळा: ६/३६.